योक की डिन? प्रवासात न्यायचा रेग्युलेटर घेण्याआधी

योक म्हणजे जू. बैलांच्या मानेवर असतं तेच. स्कूबाच्या सिलिंडरवर रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वास घेता येईल अशी करून पाण्याखाली तोंडापर्यंत आणणारं यंत्र, बसवायच्या जुन्या पद्धतीला हे नाव का पडलं, ते एकदा कुणाला बसवताना पाहिलं की कळतं. धातूची एक चौकट सिलिंडरच्या व्हॉल्व्हवरून खाली सरकवायची. ती व्हॉल्व्हच्या मानेला वेढून बसते. मग मागून एक जाड स्क्रू पिळायचा, की रेग्युलेटरचं तोंड व्हॉल्व्हच्या तोंडावर दाबलं जातं. जू ठेवलं, शिवळ अडकवली, निघा. काही ठिकाणी यालाच ए-क्लॅम्प म्हणतात, आणि कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये 'इंट' असं लिहिलेलं असतं, इंटरनॅशनल या अर्थानं. तिन्ही नावं एकाच वस्तूची.

दुसरी पद्धत डिन. इथे चौकट नाही. रेग्युलेटरच्या तोंडालाच आटे असतात आणि ते व्हॉल्व्हच्या पोटात फिरवत आत घालायचे, नळाला तोटी बसवतात तसे. डिन ही जर्मनीतल्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या नावाची आद्याक्षरं आहेत: डॉइचेस इन्स्टिट्यूट फ्युर नॉर्मुंग. आपण रोज वापरतो त्या ए-४ कागदाचं मापही १९२२ साली तिथूनच आलं. मोजूनमापून, आटे धरून काम करणारी मंडळी.

पहिल्यांदा स्वतःचा रेग्युलेटर घेणारा माणूस महिनाभर मॉडेल, हवा किती सहज येते, नळ्यांचा रंग कुठला, यात बुडालेला असतो. सगळं ठरतं आणि मग काउंटरच्या पलीकडून प्रश्न येतो, "योक देऊ की डिन?" इथे बहुतेक जण मित्राकडे जे असेल ते सांगून मोकळे होतात. घराजवळच्या एकाच ठिकाणी डायव्हिंग करणार असाल तर तेवढंही पुरतं, कारण सिलिंडर कुठला मिळणार हे ठाऊक असतं. प्रश्न खरा होतो तो प्रवासात. रेग्युलेटर तुमचा, सिलिंडर परक्याचा, आणि दोघांची पहिली भेट हलत्या बोटीवर, निघायच्या दहा मिनिटं आधी.

माझी ती पहिली भेट फसली होती. नवाकोरा डिन रेग्युलेटर मी विमानात मांडीवर घेऊन बसल्यासारखा नेला होता. बोटीवर गेलो तर सगळ्या सिलिंडरांना योकचं तोंड. लागणारा जोडतुकडा, म्हणजे ॲडाप्टर, घरी कपाटाच्या खणात, खोक्यासकट. बोटीवरच्या पोरानं माझ्या रेग्युलेटरचं तोंड बोटांनी फिरवून पाहिलं, सिलिंडरकडे पाहिलं, आणि काही न बोलता पेटीतून भाड्याचा एक रेग्युलेटर काढून दिला. त्याचा तोंडात धरायचा रबरी भाग कुणीतरी आधीच चावून चावून अर्धा केलेला. त्या सहलीचे सगळे डाइव्ह मी तोच दातात धरून केले.

सांध्यात नेमकं काय चालतं

सिलिंडरमधली हवा भरतेवेळी साधारण २०० बार दाबाची असते. आपल्या आजूबाजूची हवा एक बार. म्हणजे दोनशेपट. इतका दाब थेट तोंडात घेणं शक्य नाही, म्हणून रेग्युलेटर तो दोन टप्प्यांत उतरवतो. सिलिंडरवर बसतो तो धातूचा गड्डा म्हणजे फर्स्ट स्टेज. तो दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा नऊ-दहा बार जास्त, इथपर्यंत खाली आणतो. उरलेलं काम तोंडापाशी असलेली सेकंड स्टेज करते. योक की डिन हा प्रश्न फक्त त्या गड्ड्याच्या तोंडाचा आहे. आतली यंत्रणा तीच. एकच मॉडेल दोन्ही तोंडांत मिळतं, आणि श्वास घेताना त्यात काडीचा फरक पडत नाही.

दोनशे बारचा सांधा हवाबंद कोण ठेवतं? करंगळीत अंगठी म्हणून घालता येईल एवढी एक रबरी रिंग. ओ-रिंग. प्रेशर कुकरच्या झाकणातल्या रिंगची ही चिमुकली बहीण, आणि कामाची रीतही तशीच. दाब वाढला की तो या रिंगलाच फटीकडे रेटतो, त्यामुळे जितका दाब जास्त तितकी ती घट्ट बसते. म्हणून तर रेग्युलेटर बसवताना पाना लागत नाही, बोटांनी घट्ट केलं तरी पुरतं.

पण त्या सांध्यावर जोर किती असतो याचा हिशोब एकदा करून पाहावा. योकच्या सिलिंडरवरची नेहमीची ओ-रिंग, ०१४ क्रमांकाची, बाहेरून सुमारे १६ मिलिमीटर व्यासाची. तिच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ झालं दोन चौरस सेंटिमीटर. २०० बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोच्या वर जोर. बाहेरच्या कडेपर्यंत मोजलं तर रेग्युलेटरला व्हॉल्व्हपासून दूर लोटणारा जोर चारशे किलोच्या घरात जातो. एक म्हैस समजा. ती म्हैस योकच्या चौकटीनं आणि मागच्या स्क्रूनं धरून ठेवलेली असते. डाइव्ह संपल्यावर स्क्रू निघत नाही म्हणून घामाघूम होणारे नवखे दिसतात ना, त्यांनी व्हॉल्व्ह बंद केलेला असतो पण सेकंड स्टेजचं बटण दाबून नळ्यांमधली हवा सोडलेली नसते. म्हैस अजून आतून ढकलत असते. बटण दाबा, हवा फुस्स करून गेली की स्क्रू दोन बोटांनी फिरतो.

आता दोन्ही पद्धतींतला फरक बघा. योकमध्ये ओ-रिंग सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या तोंडावर, एका उथळ खोबणीत बसलेली असते आणि रेग्युलेटरचं सपाट तोंड तिच्यावर येऊन टेकतं. चौकटीला जोरात धक्का बसला, किंवा रेग्युलेटर मुळात तिरका बसला असेल, तर दोन पृष्ठभागांमध्ये क्षणभर केसाएवढी फट पडू शकते. दाब रिंगला त्या फटीत रेटतो, रिंग खोबणीतून बाहेर येते, आणि हवा धो धो जायला लागते. डिनमध्ये ओ-रिंग रेग्युलेटरच्या टोकाला असते. आटे फिरवत ती व्हॉल्व्हच्या तळाशी जाऊन बसते आणि मग तिच्या चारी बाजूंना धातू. पळायला जागाच नाही. धक्का बसला तरी तो आटे झेलतात.

गुहांमध्ये आणि बुडालेल्या जहाजांच्या आत जाणारे डायव्हर डिनच वापरतात ते याचसाठी. डोक्यावर छत असतं, व्हॉल्व्ह त्याला आपटतो, आणि हवा जायला लागली तर सरळ वर जाता येत नाही. मोकळ्या पाण्यात प्रवाळ पाहत फिरणाऱ्याला हा धोका तितका नाही. योकची रिंग निसटते ती बहुतेकदा बोटीवरच, व्हॉल्व्ह उघडल्या उघडल्या. मोठा फट् आवाज होतो, सगळे दचकतात, कुणीतरी नवी रिंग बसवतं. दोन मिनिटांचं काम. तेव्हा 'योक असुरक्षित' असं कुणी ठासून सांगितलं तर घाबरू नका. जगभरात रोज असंख्य लोक योकवर डाइव्ह करून जेवायच्या वेळेला परत येतात.

रिंग कोणाची?

मला स्वतःला या सगळ्यात सुरक्षिततेपेक्षा दुसराच मुद्दा जास्त पटतो, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. योकमध्ये ओ-रिंग सिलिंडरची असते. म्हणजे दर डाइव्हला नवा सिलिंडर, नवी रिंग, आणि तिची काळजी कुणी घेतली, घेतली की नाही, हे तुम्हाला माहीत नाही. उन्हात करपलेली, रेतीनं चरे पडलेली, कधी अर्धी तुटलेली. डिनमध्ये रिंग रेग्युलेटरवर असते, म्हणजे तुमची. सहलीला निघण्याआधी एकदा बोट फिरवून पाहिली, गरज पडली तर बदलली, की पुढच्या वीस सिलिंडरांना तीच. परक्याच्या निष्काळजीपणावर अवलंबून राहण्याची एक जागा कमी झाली.

(अर्थात ॲडाप्टर लावून डिन रेग्युलेटर योकच्या सिलिंडरवर बसवला की हा फायदा गेलाच. मग सिलिंडरची रिंगही आली आणि तुमचीही आली. दोन सांधे.)

बारच्या आकड्यांचा बाऊ

डिनची बाजू घेणारे हटकून एक आकडा फेकतात: योक २३२ बारपर्यंतच चालतो, डिन ३०० बारपर्यंत. खरं आहे. पण सहलीत त्याचा उपयोग काय? जगभरच्या रिसॉर्टवर सर्वांत जास्त दिसणारा सिलिंडर म्हणजे ॲल्युमिनियमचा 'एटी', म्हणजे ऐंशी नंबरचा. पाण्यानं भरला तर ११ लिटरच्या आसपास मावेल एवढा, आणि त्याचा कामाचा दाब २०७ बार. युरोपात पोलादी १२ लिटरचे, २३२ बारचे सिलिंडर बरेच दिसतात. दोन्ही योकच्या मर्यादेत. ३०० बारचा सिलिंडर सुट्टीवर गेलेल्या माणसाच्या वाट्याला क्वचित येतो.

तरी विकत घेताना डिनमधल्या दोन उपप्रकारांकडे लक्ष द्यावं लागतं. २३२ बारच्या डिनला पाच आटे, ३०० बारच्या डिनला सात. हे मुद्दाम केलंय. ३०० बारच्या व्हॉल्व्हचं भोक जास्त खोल असतं. पाच आट्यांचा रेग्युलेटर त्यात फिरवला तर तो आत जातो, पण टोकाची रिंग तळाला पोचतच नाही, आणि व्हॉल्व्ह उघडताच हवा गळते. कमी दाबाची वस्तू जास्त दाबावर चुकूनही लागू नये म्हणून कुणा इंजिनिअरनं डोकं लावून केलेली ही अडवणूक. उलट सात आट्यांचा रेग्युलेटर दोन्हींवर बसतो, २३२ च्या व्हॉल्व्हवर फक्त दोनेक आटे बाहेर दिसत राहतात. ते पाहून अजून पिळायला जाऊ नका, तो पूर्ण बसलेला असतो. आज नवे डिन रेग्युलेटर बहुतेक सात आट्यांचेच येतात. जुना, वापरलेला घेणार असाल तर मात्र आटे मोजा. खरंच बोटानं मोजा.

एकतर्फी वाट

आता मूळ मुद्दा. प्रवासात समोर येणारं सिलिंडरचं तोंड तीनपैकी एक असतं.

पहिलं, निव्वळ योकचं. अमेरिकेत, कॅरिबियन बेटांवर, आग्नेय आशियातल्या रिसॉर्टवर हेच फार. डिन रेग्युलेटरला इथे ॲडाप्टर लागतो: एका बाजूनं डिनचे आटे घेणारी आणि दुसऱ्या बाजूनं योकची चौकट असलेली, मुठीत मावणारी वस्तू. तुमचा रेग्युलेटर त्यात फिरवायचा, चौकट सिलिंडरवर चढवायची, स्क्रू आवळायचा.

दुसरं, निव्वळ डिनचं. जर्मनी, ऑस्ट्रियाकडच्या थंड तलावांत, मेक्सिकोत गुहांमध्ये डायव्हिंग करणाऱ्यांकडे, टेक्निकल, म्हणजे नेहमीच्या मर्यादांपलीकडच्या डायव्हिंगच्या केंद्रांवर. इथे योकवाल्याची पंचाईत. योकची चौकट बसायला व्हॉल्व्हच्या पाठीवर स्क्रूचं टोक टेकण्यासाठी एक खळगा लागतो. निव्वळ डिनच्या पुष्कळ व्हॉल्व्हना तो नसतोच. उलट दिशेचे जोडतुकडे बाजारात आहेत, पण ते व्हॉल्व्हपासून इतके लांब बाहेर येतात की लावून पाण्यात उतरावंसं वाटत नाही.

तिसरं, दोन्हींना चालणारं. तांबड्या समुद्राच्या काठावर इजिप्तमध्ये हे सर्रास दिसतं आणि आता बाकीकडेही वाढत चाललंय. व्हॉल्व्ह मूळचा २३२ बारचा डिन, पण त्याच्या तोंडात मधोमध भोक असलेली आट्यांची एक गोल चकती बसवलेली. तिला इन्सर्ट म्हणतात, लाडानं डोनट. ती आहे तोवर योक बसतो. ॲलन कीनं, म्हणजे षटकोनी काडीसारख्या किल्लीनं, ती फिरवून काढली की आत डिनचे आटे उघडे पडतात. ३०० बारच्या खोल व्हॉल्व्हमध्ये ही चकती चालत नाही.

तिन्ही ओळीनं ठेवून बघा. डिनवाला तिन्हीकडे निभावतो: एकीकडे ॲडाप्टर लावून, एकीकडे सरळ, एकीकडे चकती काढून. योकवाला दोनच ठिकाणी. आणि योकवाल्याची अडचण सोडवणारी वस्तू त्याच्या पिशवीत नसते, परक्याच्या सिलिंडरमध्ये असली तर असते. डिनवाल्याची अडचण सोडवणारी वस्तू त्याच्या स्वतःच्या पिशवीत असते (घरी खणात ठेवून आला नसेल तर). वेगवेगळ्या देशांत फिरायचं असेल तर डिन आणि ॲडाप्टर अशी जोडी घ्यावी असं माझं मत आहे, ते या एका कारणासाठी. हवाबंदपणा, दाब, वजन हे सगळे नंतरचे मुद्दे.

वजनाचं आलंच आहे तर, योकची चौकट आणि स्क्रू नसल्यानं डिन रेग्युलेटर दोनशे ग्रॅमच्या आसपास हलका असतो. विमानाचं सामान ग्रॅमात मोजणाऱ्यांना याचा आनंद होतो. मग ते ॲडाप्टर टाकतात आणि काटा होता तिथे येतो.

ॲडाप्टरचे नखरे

ॲडाप्टर लावला की फर्स्ट स्टेज व्हॉल्व्हपासून काही सेंटिमीटर बाहेर, म्हणजे तुमच्या डोक्याकडे सरकते. पाण्यात आडवं पोहताना मान वर करून पुढे पाहायला गेलात की टाळूच्या मागे टक्क. सिलिंडर पट्ट्यामध्ये थोडा खाली बांधला तर हा त्रास जातो, पण फार खाली घेतला तर तोल बदलतो. पहिल्या डाइव्हला हे जुळवून घ्यावं लागतं. नळ्यांची दिशाही किंचित बदलते. आणि बाहेर आलेला लांब गड्डा म्हणजे लांब दांडा: बोटीच्या काठाला आपटला तर सांध्यावर पडणारी ओढ जास्त.

आणखी एक बारीक गोष्ट. डाइव्हनंतर योकचा स्क्रू सोडायच्या ऐवजी घाईत डिनचं चाक फिरवलं जातं, आणि ॲडाप्टर सिलिंडरवरच राहतो. बोट किनाऱ्याला लागते, रिकामे सिलिंडर गाडीत चढतात, आणि त्यातल्या एकावर तुमचा ॲडाप्टर कंप्रेसरच्या खोलीकडे रवाना होतो. हे टाळण्यासाठी मी ॲडाप्टरवर लाल टेपचा एक वेढा मारून ठेवलाय.

दिवस संपला की ॲडाप्टर रेग्युलेटरपासून सोडवून दोन्ही वेगवेगळे गोड्या पाण्यात धुवायचे. आट्यांमध्ये मीठ वाळलं तर आठवड्याच्या शेवटी दोघं एकमेकांना सोडत नाहीत. घेताना ॲडाप्टरवर कोरलेला दाबाचा आकडा वाचा. रेग्युलेटर ३०० बारचा असला तरी ॲडाप्टर लावल्यावर मर्यादा ॲडाप्टरची.

चकती काढताना

माझी दुसरी फजिती इन्सर्टची. सिलिंडर दोन्हींना चालणारा होता, ॲलन की माझ्याकडे होती, चकती जड हातानं का होईना निघाली. रेग्युलेटर फिरवून बसवला, व्हॉल्व्ह हळू उघडला. सिस्स्स. बंद केला, हवा सोडली, काढला, माझी रिंग पाहिली, ठीक होती. परत बसवला. सिस्स्स. तिसऱ्यांदा मी मनातल्या मनात रेग्युलेटर बनवणाऱ्यांचा उद्धार करायला लागलो होतो, तेव्हा शेजारच्या बाईंनी मोबाइलचा टॉर्च लावून व्हॉल्व्हच्या भोकात पाहिलं. तळाशी एक काळी रिंग पडून होती. चकतीच्या मागच्या बाजूला तिची स्वतःची एक ओ-रिंग असते. चकती बाहेर आली, पण ती रिंग वर्षानुवर्षांच्या मिठानं तळाला चिकटून मागेच राहिली. माझी रिंग तिच्यावर जाऊन बसत होती आणि कुणाचंच धड बसत नव्हतं. बाईंनी प्लॅस्टिकच्या काडीनं ती उचलून काढली. लोखंडी टाचणी वापरायची नसते, आतल्या पृष्ठभागावर चरा पडला की तो व्हॉल्व्ह कायमचा गळका.

तेव्हापासून चकती काढली की आधी तिची पाठ बघतो: रिंग आहे ना? मग टॉर्चनं आत बघतो. चकती काढण्याआधी व्हॉल्व्ह बंद आहे याची खात्री करायची. अर्धवट आट्यांवर असलेल्या चकतीमागे दोनशे बार सोडले तर ती चकती राहत नाही, गोळी होते. त्या उघड्या तोंडाची दिशा माणसांकडे कधीच नको. काढलेली चकती लगेच ठरलेल्या खिशात ठेवायची आणि सिलिंडर परत देताना बसवून द्यायची. दुसऱ्याच्या सिलिंडरची चकती खिशात घालून विमानतळावर पोचलेल्यांबद्दल केंद्रचालक फार प्रेमानं बोलत नाहीत.

काही चकत्या निघतच नाहीत. मिठानं जाम झालेल्या, किंवा सिलिंडर कधी आडवा पडून व्हॉल्व्हचं तोंड किंचित दबलेलं. डिनच्या व्हॉल्व्हची ही दुखरी बाजू आहे: तोंड पोकळ असल्यानं मार लागला की वर्तुळ अंडाकृती होतं आणि मग आटे धरत नाहीत. हट्टाला पेटून ॲलन की पिळू नका, ॲडाप्टर लावा आणि पाण्यात उतरा. म्हणून सगळे सिलिंडर चकतीवाले आहेत असं कळलं तरी ॲडाप्टर न्यावाच.

डिनच्या खोलगट तोंडात पाणीही साचतं. रेग्युलेटर बसवण्याआधी व्हॉल्व्ह क्षणभर किंचित उघडून ते उडवून लावायचं, नाहीतर तो घोट फर्स्ट स्टेजच्या पोटात जातो. योकच्या सपाट तोंडावर पाणी कमी राहतं, पण सवय दोन्हीकडे चांगली.

नायट्रॉक्सवाल्यांसाठी एवढंच

युरोपात ऑक्सिजन जास्त असलेल्या मिश्रणांसाठी, म्हणजे नायट्रॉक्ससाठी, एम २६ नावाचं आणखी एक तोंड आहे, ईएन १४४-३ या मानकातलं. दिसायला डिनसारखंच, फक्त जाड, आणि आटे वेगळे. नेहमीचा डिन त्यात धरत नाही. तशा सिलिंडरांची गाठ पडली तर बळजबरी न करता तिथलाच रेग्युलेटर घ्यावा. बाकी जगात नायट्रॉक्स नेहमीच्याच योक किंवा डिनच्या तोंडातून मिळतो.

मग योक कुणी घ्यावा?

ज्याचं फिरणं योकच्याच मुलखात आहे आणि तसंच राहणार आहे, त्यानं बिनधास्त घ्यावा. ॲडाप्टर नाही, ॲलन की नाही, दोन सांधे नाहीत. बोटीवरच्या पोरांना तो झोपेतही बसवता येतो, आणि तुमच्यासाठी सामान जोडून ठेवण्याची पद्धत असेल तर हे महत्त्वाचं आहे. सतत ॲडाप्टर लावूनच डिन वापरणं म्हणजे घोड्यावर बसून डोक्यावर गाठोडं घेण्यासारखं आहे.

वर्षातून चार डाइव्ह करणाऱ्यानं तर मी म्हणेन रेग्युलेटर घेऊच नये. भाड्याचा रेग्युलेटर त्या केंद्राच्या सिलिंडरला बसतोच, त्यासाठीच तो तिथे असतो. दात लावायचा रबरी भाग तेवढा स्वतःचा न्यावा. वर सांगितलेल्या अनुभवावरून बोलतोय.

आणि चुकीचा घेतला गेला तर? आभाळ कोसळत नाही. बहुतेक मॉडेलांसाठी तोंड बदलायचे सुटे भाग मिळतात. वार्षिक सर्व्हिसिंगला रेग्युलेटर दिला की मेकॅनिक योकचा डिन किंवा डिनचा योक करून देतो. ते घरी करायचं काम नाही, ठरावीक जोर लावून आवळावं लागतं. पण मॉडेल निवडताना 'याचं तोंड पुढे बदलता येतं का' हे विचारून ठेवा.

पिशवी भरताना

डिनचे आटे हीच त्याची नाजूक जागा. एका आट्याला ठोकर बसली तर रेग्युलेटर फिरताना अडकतो. प्लॅस्टिकची टोपी घट्ट लावा, आणि ती लावण्याआधी कोरडी करा, कारण टोपीतलं पाणी थेट फर्स्ट स्टेजच्या फिल्टरवर बसतं. हे योकलाही लागू. फिल्टर हिरवट दिसायला लागला की समजावं, पाणी आत गेलंय. रेग्युलेटर हातातल्या सामानात, ॲलन की मात्र चेक-इनच्या बॅगेत, सुरक्षा तपासणीत हत्यारांवरून वाद घालण्यात अर्थ नसतो. ओ-रिंगा दोन मापांच्या ठेवायच्या: योकच्या सिलिंडरसाठी ०१४, आणि तुमच्या डिनच्या टोकाची जी असेल ती, मेकॅनिककडून विचारून. चार-चार पुरेत, काडेपेटीत मावतात. सोबत ती प्लॅस्टिकची काडी.

ॲडाप्टर आता माझ्या रेग्युलेटरच्या पिशवीतच राहतो, घरी असतानाही.

निघण्याआधी केंद्राला एक मेल टाकतो. पूर्वी मी विचारायचो, "तुमच्याकडे डिन आहे का?" उत्तर नेहमी एकच यायचं, हो. त्या 'हो'चा अर्थ बारापैकी दोन सिलिंडर असाही निघू शकतो, आणि ते दोन मी पोचायच्या आधीच कुणीतरी घेतलेले असतात. आता मी सिलिंडरच्या रांगेचा फोटो मागतो, समोरून, व्हॉल्व्हची तोंडं दिसतील असा. चकतीचं षटकोनी भोक फोटोत मोठं करून पाहिलं तर ओळखू येतं.